वाचकांचे प्रश्न : स्कॅनरला ईसीयू उत्तर देत नाही तेव्हा

या वेळी निवडलेले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीभोवती फिरतात. ओबीडी (गाडीच्या निदानाच्या) सॉकेटला स्कॅनर लावला, पण इंजिनचा संगणक म्हणजे ईसीयू काही बोलत नाही. त्यावर 'ईसीयू गेला, बदलून टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. एक महागडा भाग अंदाजाने बदलण्याआधी मल्टिमीटरने काय काय तपासता येते, ते आकड्यांसह दिले आहे.

प्रश्न : गाडी नीट सुरू होते, चांगली चालते. पण स्कॅनर लावला की त्याचा पडदा उजळतो आणि 'संपर्क होत नाही' असे येते. ईसीयू खराब आहे असे सांगण्यात आले. खरे असेल का?

शक्यता फार कमी आहे. इंजिन नीट चालते याचा अर्थ ईसीयूला वीज मिळते आहे, तो सेन्सर वाचतो आहे, इंजेक्टर आणि इग्निशन वेळेवर चालवतो आहे. बिघाड त्याच्या फक्त बोलण्याच्या भागात असू शकतो, पण त्याहून अधिक वेळा तो सॉकेट आणि ईसीयू यांच्या मधल्या तारांत किंवा स्कॅनरमध्येच असतो.

स्कॅनरचा पडदा उजळला यावरून फार काही सिद्ध होत नाही. १६ पिनांच्या या सॉकेटात १६ क्रमांकाची पिन बॅटरीची धन वीज देते आणि ४ क्रमांकाची पिन चासिसचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे ऋण जोड). पडदा उजळायला एवढे पुरते. संवाद चालतो तो दुसऱ्याच पिनांवरून. कॅन पद्धतीच्या, म्हणजे दोन तारांच्या जोडीवरून संवाद चालणाऱ्या गाडीत ६ (कॅन हाय) आणि १४ (कॅन लो), जुन्या के-लाइनच्या (एका तारेवरून संवाद चालणाऱ्या) गाडीत ७ आणि काहींत जोडीला १५, तर काही जुन्या अमेरिकी गाड्यांत २ आणि १०. शिवाय ५ क्रमांकाची पिन सिग्नलचा अर्थ आहे. ती तुटली तर काही स्कॅनर उजळतात आणि मुके राहतात. ४ आणि ५ या दोन्ही पिना बॅटरीच्या ऋण टोकाशी वेगवेगळ्या तपासा.

पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी करा. चावी खरोखर 'ऑन'वर आहे का ते पाहा. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण सहसा दोनदा दाबावे लागते, एकदा दाबले तर फक्त रेडिओपुरती वीज येते आणि ईसीयू झोपलेलाच राहतो. मग तोच स्कॅनर दुसऱ्या, चालू असल्याची खात्री असलेल्या गाडीला लावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : स्कॅनरने फक्त इंजिन न विचारता एबीएस, एअरबॅग, डॅशबोर्डचा मीटर, बॉडी कंट्रोल असे सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) विचारून पाहा. एकही बोलत नसेल तर दोष सॉकेटजवळ किंवा सर्वांच्या सामाईक तारेत आहे. बाकी सगळे बोलतात आणि इंजिनच गप्प आहे, तर तपास ईसीयूपर्यंत जाणाऱ्या फांदीवर, त्याच्या फ्यूजवर आणि अर्थवर आला. ही एक चाचणी कामाचा अर्धा भार हलका करते, तरीही ती बऱ्याचदा केलीच जात नाही.

प्रश्न : स्कॅनर उजळतच नाही. सॉकेट बदलावे का?

आधी फ्यूज पाहा. अनेक गाड्यांत १६ क्रमांकाच्या पिनेचा फ्यूज सिगारेट लायटरच्या किंवा १२ व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजशी सामाईक असतो. मोबाइल चार्जर बंद पडला आणि स्कॅनरही उजळत नाही, हे दोन्ही एकदमच घडले असेल तर उत्तर तिथेच आहे. फ्यूज शाबूत असेल तर १६ आणि ४ यांच्यात टेस्ट लॅम्प लावा. मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवत असताना लॅम्प मंद लागला, तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या धाग्यावर लटकलेली तारही त्याला धडधाकट दिसते.

मीटरची जाड टोके सॉकेटच्या आत खुपसू नका. आतल्या पत्र्या फाकतात आणि मग स्कॅनरची पिन सैल बसते. आधी नसलेला दोष तपासणाऱ्याच्या हातून तयार होतो. सॉकेटच्या मागून, तार जिथून आत जाते तिथून बारीक टोक घाला किंवा ब्रेकआउट बॉक्स (सॉकेटच्या पिना बाहेर मोजता येतील अशी पेटी) वापरा.

प्रश्न : चावी ऑन केली तरी इंजिन चेकचा दिवा लागत नाही. सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही, स्कॅनरला इंजिन सापडत नाही. बाकी मॉड्यूल बोलतात. आता कुठून सुरुवात करू?

दिवा न लागणे हा मोठा पुरावा आहे. ईसीयू जागा झाला की त्या दिव्याला संदेश जातो आणि चावी ऑन करताच तो काही वेळ लागायला हवा. इथे स्कॅनर बाजूला ठेवा, कारण ईसीयू जागाच होत नसावा.

गाडीचा वायरिंग डायग्रॅम मिळवा आणि ईसीयूच्या पिना तीन गटांत मांडा : कायमची बॅटरी वीज, चावीनंतर येणारी वीज (बहुधा मेन रिलेमधून, म्हणजे ती वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमधून) आणि अर्थ. अर्थ साधारणपणे एकाहून अधिक असतात आणि ते सगळे तपासायचे असतात, एकावर भागत नाही.

तपास भाराखाली करा. चावी बंद, बॅटरीचे ऋण टोक काढून ईसीयूचा कनेक्टर सोडवा, मग बॅटरी पुन्हा जोडा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, तो १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋणावर आणि दुसरे कनेक्टरमधल्या वीजपुरवठ्याच्या पिनेवर. बल्ब पूर्ण तेजाने लागायला हवा. अर्थ तपासताना उलटे करा, म्हणजे एक टोक बॅटरीच्या धनावर आणि दुसरे ईसीयूच्या अर्थाच्या पिनेवर. एखाद्या पिनेवर बल्ब मिणमिणला तर तीच तार धरून फ्यूजबॉक्सपर्यंत किंवा अर्थाच्या बोल्टपर्यंत जा. मेन रिलेची वीज तपासताना एक लक्षात घ्या : अनेक गाड्यांत हा रिले ईसीयू स्वतःच ओढतो. कनेक्टर सोडल्यावर रिले ओढला जाणारच नाही, तेव्हा त्याचे नियंत्रण हाताने पूर्ण करावे लागते. हा बल्ब फक्त वीज आणि अर्थाच्या पिनांसाठी आहे. कॅन, के-लाइन किंवा सेन्सरच्या तारांना तो लावायचा नाही.

हे सगळे ठीक निघाले तर ५ व्होल्टच्या संदर्भ पुरवठ्याकडे वळा. ईसीयू सेन्सरना ५ व्होल्ट देतो. त्यातल्या एका सेन्सरच्या आत शॉर्ट झाला किंवा तार चिमटून अर्थला लागली, तर काही गाड्यांत ईसीयूच बसतो : दिवा नाही, संवाद नाही, स्पार्क नाही. एसी प्रेशर सेन्सर, मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), फ्यूएल रेल प्रेशर सेन्सर असे सामाईक ५ व्होल्टवर असलेले सेन्सर शोधा. कनेक्टर जोडून, चावी ऑन ठेवून एका सेन्सरवर ५ व्होल्ट मोजा. शून्य किंवा एखाद-दीड व्होल्टच येत असेल, तर बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवत जा. ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतात आणि चेकचा दिवा लागतो, त्या क्षणी हातात असलेला सेन्सर दोषी. सगळे सोडले तरी व्होल्ट येत नसतील तर ईसीयूचा कनेक्टर काढून त्या तारेचा अर्थाशी रोध मोजा. रोध जवळजवळ शून्य आला तर तार दोषी आहे. तो ठीक आला आणि आधीच्या सर्व चाचण्याही स्वच्छ असतील, तरच ईसीयूकडे बोट दाखवावे. तोवर नाही. बदललेला ईसीयू इमोबिलायझरशी (चोरीविरोधी यंत्रणेशी) जुळवावाही लागतो, नाहीतर नवा ईसीयू बसवूनही गाडी सुरू होत नाही आणि निदान चुकले असे वाटून पुन्हा पहिल्यापासून गोंधळ होतो.

प्रश्न : ६ आणि १४ या पिनांमध्ये ६० ओहम हवेत असे वाचले. माझ्या गाडीत १२० येतात. म्हणजे नेमके काय?

कॅनची जोडी म्हणजे दोन टोकांना एकेक १२० ओहमचा रोधक लावलेली एक लांब तार. हे रोधक संदेशाची लाट टोकावर आपटून मागे फिरू नये म्हणून असतात. दोन्ही समांतर मोजले की ६० ओहम येतात. मोजताना बॅटरीचे ऋण टोक काढलेले हवे. तार जिवंत असताना ओहम मोजला तर येणारा आकडा निरर्थक असतो.

१२० आले म्हणजे मीटरला एकच रोधक दिसतो आहे. एक तर एका टोकाचे मॉड्यूल सुटले आहे, किंवा जोडीतली एक तार मध्येच तुटली आहे. ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा रोधक जोडला आहे. चुकीच्या प्रकारचे मॉड्यूल बसवले की असे होते. जवळजवळ शून्य म्हणजे हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या आहेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर सॉकेटपर्यंतची फांदीच तुटली आहे.

पुष्कळ गाड्यांत एक रोधक ईसीयूच्या आत असतो. तुमच्या गाडीत तसे असेल तर निदान सोपे होते. मीटर ६ आणि १४ वर तसाच ठेवून ईसीयूचा कनेक्टर सोडवा. आकडा १२० वरून अनंत झाला, तर ईसीयूचा रोधक दिसत होता आणि दुसऱ्या टोकाचा हरवला आहे. १२० जसाच्या तसा राहिला, तर ईसीयूच्याच बाजूची वाट तुटली आहे. मग ईसीयूच्या कॅन पिनांवर थेट मोजा. तिथे १२० आले तर आतला रोधक ठीक आहे आणि दोष हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात आहे.

आता व्होल्ट. बॅटरी जोडून, चावी ऑन, मीटरचे काळे टोक ४ क्रमांकाच्या पिनेवर. तार निवांत असताना दोन्हींवर २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना हाय ३.५ कडे चढते आणि लो १.५ कडे उतरते. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून सशक्त गाडीत हाय २.६ ते २.८ आणि लो २.२ ते २.४ दिसते आणि दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ येते. दोन्ही नेमक्या २.५ वर स्थिर असतील तर कोणीच बोलत नाही किंवा दोन्ही एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन्ही बॅटरीच्या व्होल्टजवळ असतील तर एक तार धन विजेला लागली आहे.

दोन्ही शून्याजवळ असतील तर दोन्ही तारा अर्थला लागल्या असे समजण्याची चूक होते. एक तार लागली की दुसरी रोधकांमधून खाली ओढली जाते. बॅटरी काढून प्रत्येक तारेचा अर्थाशी रोध मोजा : खरी लागलेली तार जवळजवळ शून्य दाखवेल आणि दुसरी ६० च्या आसपास. शॉर्ट नेमका कुठे आहे ते शोधायला मीटर जोडून ठेवा आणि मॉड्यूल एकेक करून सोडवा. जे सोडल्यावर आकडा सुधारतो ते मॉड्यूल दोषी, किंवा त्याच्याकडे जाणारी फांदी. सामाईक जोड कुठे आहे हे डायग्रॅममध्ये आधी पाहा. तो जोड उघडला की एकेका मॉड्यूलपर्यंत चढउतर न करता एकाच जागेवरून फांद्या वेगळ्या करता येतात.

ऑसिलोस्कोप असेल तर काम आणखी सोपे. दोन चॅनेल, एक व्होल्ट प्रति भाग. ५०० किलोबिट वेगाच्या तारेवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो. हाय आणि लो एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा दिसायला हव्यात. एक हलते आणि दुसरी सपाट राहते, तर सपाट तारेचा माग काढा.

मात्र ६० ओहमचा नियम डोळे मिटून लावू नका. अनेक नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या तारांमध्ये गेटवे नावाचे मॉड्यूल असते. तिथे सॉकेटवर मोजलेला आकडा सॉकेट ते गेटवे एवढ्याच तुकड्याबद्दल सांगतो. इंजिनची कॅन तार त्यापलीकडे असते आणि ती तिथे जाऊनच मोजावी लागते. काही गाड्यांचा गेटवे अधिकृत परवानगीशिवाय सामान्य स्कॅनरला कोड पुसू देत नाही. स्कॅनर वाचतो पण काही करता येत नाही असे दिसले, तर तो तारांचा दोष नसून सुरक्षेचे कुलूप असू शकते.

प्रश्न : जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवल्यापासून स्कॅनर लागत नाही. दोन्हींचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. काही जुन्या युरोपीय गाड्यांत रेडिओच्या कनेक्टरमध्येही निदानाची के-लाइन आणलेली असते. बाजारातला स्टिरिओ त्याच पिनेवर दुसरेच काही जोडतो आणि सगळी के-लाइन अडकून पडते. ईसीयूचा के-लाइनचा भाग जळूही शकतो. स्टिरिओचा कनेक्टर काढा आणि पुन्हा स्कॅन करा. संपर्क झाला तर ती एक तार वेगळी करून टोक नीट झाका.

के-लाइन ही एकच तार असते आणि तिच्यावर अनेक मॉड्यूल टांगलेली असतात. निवांत असताना ती बॅटरीच्या व्होल्टजवळ असायला हवी. तिला वर ओढणारा रोधक बऱ्याचदा स्कॅनरमध्ये असतो, म्हणून ७ क्रमांकाची पिन स्कॅनर जोडलेला असतानाच मोजा. स्कॅनर जोडूनही ती शून्याजवळ राहिली तर कोणीतरी तिला खाली धरून बसले आहे. मॉड्यूल एकेक सोडवा. एका एअरबॅग मॉड्यूलच्या दोषाने इंजिनशी संपर्क बंद पडलेला असू शकतो. मात्र एअरबॅगचा कनेक्टर हाताळण्याआधी बॅटरी काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा.

के-लाइनचा वेग सेकंदाला १०,४०० बिट इतकाच असतो आणि स्कॅनरला आधी ईसीयूला ठरावीक पद्धतीने 'हाक' मारावी लागते. हळू हाक सेकंदाला ५ बिटच्या गतीने जाते, म्हणून संपर्क व्हायला काही सेकंद लागतात. लगेच उत्तर आले नाही म्हणून स्कॅनर उपटू नका.

प्रश्न : यू०१०० कोड आला आहे. याचा अर्थ 'इंजिन ईसीयूशी संपर्क तुटला'. म्हणजे ईसीयू गेला ना?

कोड कोणत्या मॉड्यूलमध्ये साठलेला आहे हे आधी पाहा. यू०१०० हा ईसीयूचा स्वतःबद्दलचा कोड नसतो. तो दुसऱ्या कोणाची तक्रार असतो, जसे एबीएस म्हणते, 'इंजिनकडून संदेश येत नाहीत.' कागदावर दोन रकाने करा : तक्रार करणारा, ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो. एबीएस, मीटर, गिअर कंट्रोल हे तिघेही इंजिनचे नाव घेत असतील तर ईसीयूची वीज, अर्थ किंवा फांदी तपासा. फक्त एबीएस तक्रार करते आणि इंजिन त्याच वेळी एबीएसबद्दल यू०१२१ साठवते, तर गप्प बसलेले एबीएस आहे आणि ईसीयू निर्दोष आहे.

कोड चालू आहे की जुना, तेही पाहा. बॅटरी उतरली की सेल्फ मारताना व्होल्ट खूप खाली येतात, काही मॉड्यूल क्षणभर बंद पडतात आणि बाकीचे त्यांची नोंद करून ठेवतात. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड लिहून घेऊन पुसा, गाडी चालवा. परत आलेला कोडच मनावर घ्यायचा.

प्रश्न : ब्लूटूथचा स्वस्त अडॅप्टर एका गाडीत चालतो, दुसरीत नाही.

बाजारातल्या ईएलएम ३२७च्या (अशा अडॅप्टरमधल्या चिपच्या) अनेक नकलांत काही प्रोटोकॉल, म्हणजे संवादाच्या पद्धती, चालतच नाहीत. कॅनची गाडी वाचतात, के-लाइनच्या गाडीत गप्प बसतात. '१.५' अशी आवृत्ती सांगणारा अडॅप्टर तर नक्कीच नकली, कारण मूळ उत्पादकाने तशी आवृत्ती कधी काढलीच नाही. ॲपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो'वर न ठेवता गाडीचा प्रोटोकॉल हाताने निवडून पाहा. आणि असा अडॅप्टर किंवा जीपीएस ट्रॅकर सॉकेटला कायम लावून ठेवला असेल, तर कोणतेही निदान करण्याआधी तो काढा. तो स्वतःच तारेवर अडथळा आणत असू शकतो.

प्रश्न : इंजिन बंद असताना स्कॅनर छान चालतो. इंजिन सुरू केले की संपर्क तुटतो. कधी खड्ड्यातही तुटतो.

इंजिन सुरू होताना तुटतो तर अर्थ पाहा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋणावर, दुसरे ईसीयूच्या अर्थाच्या पिनेवर मागून लावा. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थाचा बोल्ट काढा, रंग आणि गंज घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा. इंजिन ते चासिसची अर्थपट्टी आणि अल्टरनेटरमधून येणारी एसी (उलटसुलट प्रवाहाची) लहरही तपासा. रोधकविरहित स्पार्क प्लग किंवा चुकीच्या प्लग वायर बसवल्या असतील तर ठिणगीचा विद्युत गोंगाट संवादात घुसतो. के-लाइनला त्याचा त्रास जास्त होतो.

खड्ड्यात तुटतो तर दोष हलणाऱ्या जागी आहे. स्कॅनरवर एखादी चालू आकडेवारी, म्हणजे आरपीएम, डोळ्यांसमोर ठेवा आणि हार्नेस विभागून हलवा : आधी सॉकेटमागे, मग पायाखालच्या कार्पेटखालून, मग दाराच्या रबरी नळीतून, शेवटी ईसीयूच्या कनेक्टरजवळ. आकडे गोठतात ती जागा उघडा. कार्पेटखाली पाणी साचलेल्या गाड्यांत जोडांवर हिरवा थर सापडतो. साफ करणारा फवारा मारून जोड तात्पुरता बोलका होतो, पण टर्मिनल बदलल्याशिवाय दोष परत येतोच.

कॅनची तार जोडताना दोन्ही तारांची पीळ मोडू देऊ नका. उसवलेला भाग ५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा. दोन्ही तारांतले जोड एकाच जागी न घेता पुढेमागे घ्या, म्हणजे ते एकमेकींना घासणार नाहीत. सोल्डर करा किंवा चांगल्या क्रिंपने दाबा आणि वर डिंकाची हीटश्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप लावली तर पावसाळ्यात हेच काम पुन्हा करावे लागेल. काम झाल्यावर बॅटरी काढून ६० ओहम पुन्हा मोजा, मग चावी ऑन करून सगळी मॉड्यूल एकदा विचारून घ्या.